टेबलामागची बीआरएम: नागपुरात पहिल्यांदा कंट्रोल सांभाळणाऱ्यांसाठी

नागपूरहून निघणाऱ्या बीआरएमला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, माणसं कमी पडतात ती सायकलवर नाही, टेबलामागे. रायडरची यादी भरते. पहाटे तीनला ढाब्यावर बसून कार्डावर वेळ कोण लिहिणार, असं विचारलं की ग्रुपवर सगळे गप्प. तुम्ही हात वर केला असेल, किंवा मित्रानं तुमचा हात धरून वर केला असेल, तर पुढचं वाचा. सायकल चालवता येणं गरजेचं नाही. घड्याळाकडे लक्ष, वाचता येईल असं अक्षर आणि तोंडावर ताबा, एवढं पुरतं.

नव्यांसाठी थोडक्यात: बीआरएम ही शर्यत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, आपल्या बळावर पूर्ण करायचं. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी थांबून कार्डावर वेळ आणि शिक्का घ्यायचा, त्या ठिकाणाला कंट्रोल म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन हा फ्रान्समधला क्लब जगभरातल्या या राइड्सना मान्यता देतो. आपल्याकडे ते काम ऑडॅक्स इंडिया रँडोन्युअर्समार्फत चालतं. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० झाल्या की तो रायडर सुपर रँडोन्युअर, आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं तर आधी ही मालिका करावी लागते. निकालात क्रमांक नसतो. सहा तासांत आलेला आणि सव्वातेरा तासांत आलेला, दोघांना पदक एकच.

तुमचं सगळं काम याच गोष्टीवरून ठरतं. पुढे पळणाऱ्या चार-पाच जणांना तुमची फारशी गरज नसते. ते येतात, कार्ड पुढे करतात, बाटली भरतात आणि आपण नाव विचारेपर्यंत निघूनही जातात. कंट्रोल मांडायचा तो मागच्यांसाठी: वेळ संपायला वीस मिनिटं असताना, टेललाइट लुकलुकत, मान खाली घालून येतो त्याच्यासाठी. पहिल्या तासात हौसेनं सगळी केळी वाटून मोकळे झालेले कंट्रोल मी पाहिले आहेत. म्हणून पहिला नियम हा: खाण्याचे रायडरच्या संख्येनुसार भाग करा आणि शेवटच्या दहा जणांचा भाग वेगळ्या डब्यात, गाडीच्या डिकीत, कुलपात ठेवा.

मदत कुठे थांबते

नवीन व्हॉलंटियर सगळ्यात जास्त चुकतो तो प्रेमापोटी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. तशा शर्यतीत क्रूची गाडी मागे असते, खिडकीतून बाटली हातात येते, रात्री तर गाडी मागे ठेवावीच लागते. त्यामुळे सपोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच चित्र येतं. बीआरएममध्ये नेमकं याच्या उलट आहे. मागे गाडी चालत नाही. मदत द्यायची ती फक्त कंट्रोलवर. दोन कंट्रोलच्या मध्ये तुम्ही गाडी थांबवून कोणाला पाणी दिलं, पंक्चर काढून दिलं, हेडलाइटच्या उजेडात पाच किलोमीटर सोबत केली, तर शिक्षा तुम्हाला नाही, त्या रायडरला होते. त्याला वेळेचा दंड बसू शकतो किंवा राइडच बाद होऊ शकते.

अपघात, आजारपण, जिवाला धोका असेल तेव्हा हा नियम बाजूला. तेव्हा थांबायचंच. पण रस्त्याकडेला ट्यूब बदलत बसलेला माणूस धोक्यात नसतो. काच खाली करा, “भाऊ, बरं आहे ना?” विचारा, हो म्हणाला की पुढे व्हा. अवघड जातं, विशेषतः तो आपला शेजारी असेल तेव्हा.

आधीच्या आठवड्यात

आयोजकाला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: तुमचा कंट्रोल किती किलोमीटरवर, तो किती ते किती उघडा, आणि तुमच्यानंतर ती जागा कोण सांभाळणार. वेळा कार्डावर छापलेल्या असतात, तरी हिशेब स्वतःला आलेला बरा. कंट्रोल बंद होतो तो ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबानं. उघडतो तो पहिल्या २०० किलोमीटरपर्यंत ताशी ३४ आणि पुढच्या २०० ला ताशी ३२ नं. सकाळी ६ ला सुटलेल्या राइडचा १०० किलोमीटरवरचा कंट्रोल ८:५६ ला उघडणार आणि १२:४० ला बंद होणार. २०० च्या शेवटाला सरळ भागाकारानं १३ तास २० मिनिटं येतात, पण नियमात साडेतेरा आहेत. त्या दहा मिनिटांवरून शेवटच्या टेबलावर वाद घालू नका, ती रायडरची आहेत.

लांब राइडला हा हिशेब अंगावर येतो. शनिवारी पहाटे ५ ला सुटलेल्या ६०० मध्ये ३०० किलोमीटरवरचा कंट्रोल दुपारी २ ला उघडतो आणि रात्री १ ला बंद होतो. म्हणजे ११ तास. हे एकट्याचं काम नाही. दोन पाळ्या करा आणि दुसऱ्या पाळीला घरून झोपून यायला सांगा.

मग रस्ता एकदा गाडीनं बघून या, आणि मॅपवर आंधळा विश्वास ठेवू नका. वर्धा किंवा अमरावतीकडे जाताना मॅप तुम्हाला समृद्धी महामार्गावर चढवायला बघतो. तिथं सायकल आणि दुचाकीला बंदी आहे, म्हणजे तुमचे रायडर त्या रस्त्यावर नसणारच. आणि एकदा चढलात की पुढच्या इंटरचेंजशिवाय उतरता येत नाही. रायडर कोंढाळीजवळ अडचणीत आणि तुम्ही समृद्धीवर त्याला समांतर पळताय, असा प्रकार नको. जुन्याच रस्त्यानं जा.

ढाबा निवडताना जेवणाची चव सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायचं की तो रायडरच्या येण्याच्या दिशेला, डाव्या हाताला आहे का. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, हिंगणघाटकडे जा नाहीतर मनसरकडे, मध्ये दुभाजक आहे. ढाबा पलीकडे असेल तर थकलेला माणूस लांबच्या कटपर्यंत जाण्याऐवजी सायकल उचलून दुभाजक ओलांडतो, आणि मागून ट्रक येत असतो. यापेक्षा साध्या चहाची डाव्या हाताची टपरी शंभर पटीनं बरी. नंतर बघायचं ते: महिला रायडरना वापरता येईल असं, कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, रात्रभर दिवा, फोन आणि लाइट चार्ज करायला प्लग, सायकली टेकवायला नजरेसमोरची भिंत. ढाबेवाल्याशी आधी बोला. किती माणसं, साधारण किती वाजता, रात्री स्वयंपाकी जागा राहील का, पैसे कोण देणार. रायडर आपापलं बिल देतात हे त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर शेवटी हिशेब तुमच्या गळ्यात येतो.

खवासा आलं की तुम्ही मध्य प्रदेशात. १०८ तिथंही चालतो, पण गरज पडली तर माणसाला सिवनीला न्यायचं की परत नागपूरला, हे आधी ठरवून ठेवा. मनसर ते खवासा हा पेंचच्या जंगलातला टप्पा. फोनची रेंज कुठे जाते ते जाताना टिपून ठेवा. रात्री एखाद्याचा फोन लागत नसेल तर घाबरायचं की नाही हे त्यावरून कळतं.

बरोबर काय न्यायचं

चालू पेन तीन, कारण दोन रायडर घेऊन जाणार. शिक्का आणि ओलं स्टॅम्प पॅड. रायडरची छापील यादी. फोनमधली नव्हे, फोनची बॅटरी उतरते. हेड टॉर्च. फ्लोअर पंप, तोही प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही व्हॉल्व्हला चालणारा. महामार्गावरच्या वाऱ्यानं उडणारे कागद दाबायला क्लिप. एक्स्टेन्शन बोर्ड. सुई-दोरा, झिप टाय, चिकटपट्टी, चेनचं तेल, जुनी चादर, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तुमच्यासाठीही. रात्री महामार्गाकडेला उभे तुम्हीही असता.

खाण्याचं बघताना चवीपेक्षा पोट महत्त्वाचं. केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दहीभात. हिवाळ्यात संत्री आपल्याकडे मुबलक, पण ती सोलून फोडी करून डब्यात ठेवा. शंभर-दीडशे किलोमीटर हँडल धरल्यावर बोटं बधिर होतात, संत्रं सोलणं सोडा, हेल्मेटचं बक्कलही सुटत नाही. रामटेक-मनसर भागात डबे उघडे ठेवलेत तर माकडं तुमच्याआधी कंट्रोल पूर्ण करतील.

तर्री-पोह्याबद्दल नागपूरकराला सांगणं धाडसाचं आहे, तरी सांगतो. सुटण्याआधी पोहे द्या, तर्री देऊ नका. लाल तर्री ओतून निघालेला माणूस पन्नास किलोमीटरवर पेट्रोल पंप शोधत असतो, पेट्रोलसाठी नव्हे. सावजी जेवण राइड संपल्यावर.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं. अर्ध्या बाटलीत एक पाकीट किंवा पाच लिटरच्या कॅनमध्ये एक, दोन्ही चूक. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणी ढोसत राहणाऱ्यावर लक्ष ठेवा; घामातून मीठ गेलेलं असताना फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत अजून पाणी मागतो. त्याला बसवा, काहीतरी खारट खायला द्या; बरळायला लागला तर थेट दवाखाना.

सुटण्याच्या जागी

इथलं काम सोपं आणि गडबडीचं. पुढचा दिवा, मागचा दिवा, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तपासायचं. दिवे चालू करून दाखवायला सांगा, “आहे ना बॅगेत” यावर समाधान मानू नका. कार्ड देताना नाव आणि नंबर यादीशी जुळवा, आपत्कालीन फोन नंबर भरून घ्या. तो नंबर सोबत सायकल चालवणाऱ्या मित्राचा नको, घरी असलेल्या माणसाचा हवा. किती जण प्रत्यक्ष सुटले तो आकडा सगळ्या कंट्रोलना लगेच कळवा. नोंदणी केलेले आणि सुटलेले यांत फरक असतोच. हा आकडा चुकला की रात्री न सुटलेल्या माणसाला शोधत बसाल.

कंट्रोलवर

उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. टेबल रस्त्यावरून दिसेल असं, पण गाडीवाटेत नाही. बॅनर नसला तरी चालेल, एक लुकलुकणारा लाल दिवा खांबाला बांधा, रायडरना तो बरोबर कळतो.

रायडर आला की क्रम पक्का ठेवा: आधी कार्ड, मग बाकी सगळं. कार्डावर शिक्का, वेळ, सही. तीच वेळ तुमच्या यादीत. वेळ तो आला तीच लिहायची, निघाला ती नव्हे. “पाच मिनिटं मागे टाक ना भाऊ” असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. उशिरा आलेल्याच्याही कार्डावर खरी वेळ लिहा आणि आयोजकाला कळवा. वाटेत अपघाताला थांबला होता, रस्ताच बंद होता, अशा कारणांचा विचार होऊ शकतो, पण तो आयोजकानं करायचा. तुम्ही न्यायाधीश नाही. मध्येच माणूस नसलेले कंट्रोलही असतात. तिथं रायडर एटीएमची स्लिप किंवा पंपाची पावती पुरावा म्हणून आणतात. ती नीट वाळलेली, वाचता येणारी आहे का बघा. घामानं पुसट झालेली असेल तर त्याला तिथल्या तिथं फोटो काढून ठेवायला सांगा.

निघताना कार्ड घेतलं का, हे प्रत्येकाला विचारा. टेबलावर विसरलेलं कार्ड घेऊन मागे धावता येत नाही, धावायचंही नाही.

पंक्चरसाठी पंप द्या, उजेड धरा, जागा द्या. कंट्रोलवर हात लावून मदत करायला हरकत नसते, पण माझं मत वेगळं आहे: ज्याला चाक काढता येत नाही त्याला शेजारी बसून सांगा आणि काढायला लावा. पुढच्या ८० किलोमीटरवर तुम्ही नसाल.

आणि बोलणं. “आता काय, पोहोचलाच! फक्त साठ राहिले!” हे दीडशे किलोमीटर आलेल्याला सांगायचं नसतं. त्याला नुसता आकडा द्या: पुढचा कंट्रोल इतका लांब, बंद व्हायला इतका वेळ, वाटेत पाणी अमुक ठिकाणी. “किती थकून राहिला बे तू!” हे तर मुळीच नको. सोडायचं की जायचं, हा निर्णय त्याचा. खर्ऱ्याची पुडी पुढे करणारा व्हॉलंटियर आणि पिंक मारलेली भिंत, दोन्ही ढाबेवाल्याला आणि मला सारखेच नकोसे.

रात्र आणि ऊन

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातली पहाट रायडरला घामात भिजलेला असताना गाठते. सायकलवर असतो तोवर ठीक, थांबला की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. त्याला वाऱ्याच्या आड बसवा, ओला टी-शर्ट बदलायला लावा, गरम चहा द्या. जुनी वर्तमानपत्रं जवळ ठेवा. जॅकेटच्या आत छातीवर एक अंक घातला की वारा अडतो. सायकलवाल्यांची ही फार जुनी युक्ती आहे आणि जाड जॅकेट न आणलेल्याला हमखास वाचवते.

झोपणाऱ्यांची वेगळी यादी करा: नाव, कुठल्या खाटेवर, किती वाजता उठवायचं. “वीस मिनिटांनी उठव” म्हणणाऱ्याला वीस मिनिटांनीच उठवा, तो शिव्या घालेल तरी. गाढ झोपलाय म्हणून दया आली आणि तासभर राहू दिलं, तर पुढच्या कंट्रोलचा कट-ऑफ, म्हणजे बंद होण्याची वेळ, तुमच्यामुळे हुकते. उठल्यावर त्याला दोन प्रश्न विचारा: पुढचा कंट्रोल कुठला? आत्ता किती वाजले? उत्तर सरळ आलं तर जाऊ द्या. गोंधळला, अडखळला, तोल गेला, तर त्याचं कार्ड तुमच्याच हातात ठेवा, खुर्ची द्या आणि आयोजकाला फोन लावा.

मार्चपासून पुढे चित्र पालटतं. उन्हात आलेला रायडर बरळत असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर हा थकवा नाही, उष्माघात आहे. सावली, हेल्मेट-जर्सी काढा, डोक्यावर-अंगावर पाणी, पंख्याचा किंवा पुठ्ठ्याचा वारा, आणि १०८. नीट शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. अपघाताला १०८ किंवा ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. डोकं आपटलेला, हेल्मेटला तडा गेलेला रायडर “मी बरा आहे” म्हणत असला तरी त्याची राइड तिथंच संपली. वर म्हटलं की निर्णय त्याचा. याला तो अपवाद.

कोण राहिलं?

बंद होण्याच्या वेळेला यादी समोर घ्या. सुटलेले किती, तुमच्याकडून गेलेले किती, सोडलेले किती. बेरीज जुळली नाही तर उरलेली नावं मागच्या कंट्रोलला विचारा, मगच रायडरला फोन करा. चालत्या सायकलवरच्या माणसाला दर दहा मिनिटांनी फोन करणं म्हणजे त्याला रस्त्यावरून नजर काढायला लावणं.

कंट्रोलची वेळ संपते ती शिक्क्यापुरती. शेवटच्या माणसाचा पत्ता लागेपर्यंत तुम्ही हलायचं नाही. तो वेळेबाहेर आला तरी खुर्ची, पाणी आणि राखलेली केळी त्याचीच. राइड सोडणाऱ्याकडून कार्ड घ्या, सोडल्याची वेळ आणि जागा लिहा, घरी कसा जाणार ते विचारा. टेम्पोत सायकल टाकून गेला असेल तर पोहोचल्याचा मेसेज पाठवायला सांगा. न सांगता सोडून घरी जाऊन झोपणारा एक तरी निघतोच, आणि त्याच्यासाठी दोन गाड्या रात्री उमरेड रस्त्यावर फिरत असतात. म्हणून हे सुटण्याच्या वेळीच सगळ्यांना बजावून ठेवायचं.

आवरताना

शेवटच्या टेबलावर बसला असाल तर कार्ड परत घेताना रायडरची सही तपासा. दमलेल्या हातानं ती बहुतेक वेळा राहते. सुटी कार्ड, पावत्या, तुमच्या वेळांची यादी एका पाकिटात, पाकिटावर कंट्रोलचं नाव, आणि ते त्याच दिवशी आयोजकाच्या हातात. यादीचा फोटो वेगळा पाठवा.

संत्र्याच्या साली, रॅपर, ओआरएसची पाकिटं उचला, ढाब्याच्या मागची बाजूही बघा. पुढच्या हंगामात तोच ढाबा मागायचा आहे. आणि रात्रभर जागून लगेच गाडी काढू नका; रायडरला झोप आली म्हणून थांबवणारे आपण स्वतः सकाळी बुटीबोरीच्या ट्रकांत डुलक्या घेत जातो. बिल चुकतं करा, खाट मागा, दोन तास झोपा, मग चावी हातात घ्या.